मुकदेनची परिषद आणि डॉ. वू लिएन-तेह

सभा भरविणे ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला नवी नाही. चार मराठी बिऱ्हाडे जिथे स्थिरावतात तिथे प्रथम गणेशोत्सव उभा राहतो, मागोमाग वाचनालय येते, मग व्याख्यानमाला येते. आणि या सर्वांबरोबर सतरंज्या कोणी अंथरायच्या, पाहुण्यांना उतरवायचे कोठे आणि अध्यक्षस्थान कोणाला द्यायचे हे सनातन प्रश्नही येतात. म्हणूनच मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चरित्रनायक निवडताना आम्ही एका अशा पुरुषाची निवड केली आहे, ज्याच्या अनेक थोर कार्यांपैकी एक कार्य सभा भरविणे हेच होते. मात्र ती सभा साहित्याची नव्हती की संगीताची नव्हती. माणसाचा जीव घेणाऱ्या एका सूक्ष्म जंतूविषयी विचार करण्यासाठी अकरा राष्ट्रांचे शास्त्रज्ञ ३ एप्रिल १९११ रोजी मंचूरियातील मुकदेन नगरात एकत्र जमले. आज हे नगर शेनयांग या नावाने ओळखले जाते. चीनच्या भूमीवर भरलेली ही पहिली आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक परिषद मानली जाते. तिचे अध्यक्ष होते डॉ. वू लिएन-तेह, आणि त्यांचे वय होते अवघे ३२ वर्षांचे.

या परक्या डॉक्टरांचे आणि आपले नाते काय, असे वाचक विचारतील. ते नाते प्लेगने जोडले आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने गाठीच्या तापाचे रोगी ओळखले आणि त्या दिवसापासून मुंबई, पुणे व अवघा महाराष्ट्र कित्येक वर्षे या मरीखाली भरडला गेला. रोग्यांची सेवा करता करताच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे पुण्यात निधन झाले. सेग्रिगेशन कॅम्प, घरझडत्या, ओस पडलेल्या आळ्या यांच्या आठवणी आपल्या आज्या-पणज्यांनी सांगितलेल्या आहेत. त्याच मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली. त्याच मुंबईत, १९०५ नंतर काम करणाऱ्या संशोधन आयोगाने हा रोग उंदरांचा असून त्यांच्या अंगावरील पिसवा तो माणसापर्यंत आणतात हे निःसंशय सिद्ध केले. प्लेगचे शास्त्र जगाने फार मोठ्या प्रमाणावर मुंबईत शिकले. डॉ. वू यांच्या चरित्रातील खरा पेचप्रसंग मात्र असा, की मुंबईत शिकलेला हा धडा हार्बिनमध्ये लागू पडत नव्हता, आणि हे सर्वांआधी त्यांच्या ध्यानात आले.

वू यांचा जन्म १० मार्च १८७९ रोजी मलायातील पेनांग बेटावर झाला. वडील दक्षिण चीनमधून पोटासाठी समुद्र ओलांडून आलेले सोनार. घर मोठे, भावंडे पुष्कळ, आणि भोवतालचा मुलूख इंग्रजांच्या सत्तेखालचा. मुलाचे शिक्षण पेनांग फ्री स्कूलमध्ये इंग्रजीतून झाले. १८९६ साली त्याला राणीच्या नावाची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात दाखल झाला. तेथे वैद्यकाचा अभ्यास करणारा चिनी वंशाचा तो पहिला विद्यार्थी होता. पुढे लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात त्याने प्रत्यक्ष रोग्यांच्या खाटांशेजारी उभे राहून विद्या घेतली. लिव्हरपूलला रोनाल्ड रॉस यांच्या हाताखाली, जर्मनीत हाल्ले येथे कार्ल फ्रेंकेल यांच्यापाशी आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेचनिकॉव्ह यांच्या सान्निध्यात त्याने जंतुशास्त्र आत्मसात केले. तारुण्याच्या उंबरठ्यावरच युरोपातील या नामवंत गुरूंची विद्या पदरी बांधून १९०३ साली डॉक्टर मायदेशी परतले.

परंतु मायदेश म्हणावे तरी कोणत्या भूमीला? वसाहतीच्या वैद्यकीय सेवेतील वरच्या जागा युरोपीय वंशाच्या इंग्रजांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. केंब्रिजची पदवी असली तरी चेहरा पेनांगचा होता. डॉ. वू यांनी क्वालालंपूरच्या संशोधन संस्थेत सुमारे वर्षभर बेरीबेरी या रोगावर काम केले आणि मग पेनांगला येऊन स्वतःचा दवाखाना थाटला. तेथे अफूने पोखरलेली माणसे त्यांच्यापुढे रोज येऊन बसत. अफूचा व्यापार हे सरकारच्या उत्पन्नाचे साधन होते आणि त्याविरुद्ध बोलणे म्हणजे श्रीमंत मक्तेदारांशी व सरकारशी एकाच वेळी वैर घेणे होते. तरुण डॉक्टरांनी ते घेतले. १९०६ साली इपोह येथे अफूविरोधी मंडळांची परिषद भरली, तिच्यात ते अग्रभागी होते. पुढच्याच वर्षी त्यांच्या दवाखान्याची झडती झाली, औषधासाठी ठेवलेला अफूचा थोडासा अर्क सापडला, आणि परवान्याच्या तांत्रिक कारणावरून अफूच्या या शत्रूलाच अफू बाळगल्याबद्दल दंड झाला. परिषद भरविल्यानंतर तिची किंमतही मोजावी लागते, हा पाठ त्यांना असा लवकर मिळाला.

याच सुमारास चीनमधून बोलावणे आले. १९०८ साली ते त्यांत्सिन येथील लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचे उपसंचालक झाले. पूर्वजांच्या देशात ते पोहोचले खरे, पण तेथील दरबारी भाषा त्यांना येत नव्हती. घरची बोली दक्षिणेकडची, शिक्षणाची भाषा इंग्रजी, आणि आता राजधानीची चिनी भाषा शिक्षक लावून, अक्षर अक्षर गिरवून शिकणे प्राप्त होते. दूरदेशी वाढलेल्या मुलांना आपली लिपी रविवारच्या वर्गात शिकविणाऱ्या आमच्या वाचकांना या प्रौढ विद्यार्थ्याची अवस्था अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

१९१० च्या शरद ऋतूत चीन आणि रशिया यांच्या सीमेवरील मांचुली या स्थानकाजवळ माणसे मरू लागली. त्या बाजूच्या गवताळ प्रदेशात टार्बागान नावाचा, खारीच्या कुळातील परंतु मांजराहून मोठा असा बिळात राहणारा प्राणी असतो. युरोपच्या बाजारात त्याच्या कातड्याला अकस्मात मोठा भाव आला होता. दक्षिणेकडच्या शांतुंग प्रांतातील दरिद्री मजूर हजारोंच्या संख्येने शिकारीसाठी लोटले. आजारी टार्बागानला हात लावू नये, हे स्थानिक मंगोल शिकाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. नवख्या मजुरांना ते ठाऊक नव्हते. थंडी पडताच ही माणसे खचाखच भरलेल्या धर्मशाळांतून, दारे-खिडक्या घट्ट बंद करून, एकमेकांना चिकटून निजू लागली. आणि चिनी नववर्षासाठी घरी निघाली तेव्हा आगगाडीने हार्बिनला, तेथून चांगचुनला, मुकदेनला आणि पुढे मुख्य चीनकडे रोगही त्यांच्याबरोबर निघाला. ताप येई, खोकला सुरू होई, थुंकीतून रक्त पडे आणि दोन-तीन दिवसांत सारे संपे. रोग जडलेला माणूस वाचल्याचे उदाहरण जवळजवळ नव्हतेच.

दरबाराच्या परराष्ट्र खात्यातील अधिकारी आल्फ्रेड स्झे यांनी डॉ. वू यांना पाचारण केले. २४ डिसेंबर १९१० रोजी, पारा शून्याच्या खाली कितीतरी अंश उतरलेला असताना, एक सूक्ष्मदर्शक आणि लिन नावाचा एक विद्यार्थी एवढ्या सामग्रीनिशी ते हार्बिनला उतरले. फुचियातिएन या चिनी वस्तीत सुमारे २४,००० माणसे राहत होती. तिसऱ्याच दिवशी तेथील एका खानावळीत एका जपानी स्त्रीचा मृत्यू झाला. प्रेताला चाकू लावणे चिनी समाजाला त्या काळी सर्वस्वी निषिद्ध होते. डॉ. वू यांनी कोणाला कळू न देता त्या खोलीतच घाईने शवविच्छेदन केले, अवयवांचे लहान तुकडे काढून घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. टोकांशी रंग धरणारे, मध्ये फिके दिसणारे ते अंडाकृती जंतू निःसंशय प्लेगचेच होते. परंतु काखेत किंवा जांघेत गाठी नव्हत्या. रोगाचे ठाण फुप्फुसांत होते. याचा अर्थ त्यांनी असा लावला की येथे उंदीर नाही, पिसू नाही. खोकणाऱ्या माणसाच्या श्वासाबरोबर उडणाऱ्या तुषारांतून हा रोग थेट माणसाकडून माणसाकडे जात आहे. उंदीर मारीत बसलो तर माणसे मरत राहतील. उपाय एकच, रोगी, रोग्याच्या संगतीत आलेले आणि निरोगी यांना वेगवेगळे ठेवणे, आणि प्रत्येकाच्या नाकातोंडावर कापसाची घडी घातलेली जाळीदार कापडाची मुखपट्टी बांधणे.

हे म्हणणे कोणाला पटेना. पूर्वी तेथे आलेल्या एका जपानी डॉक्टरांनी उंदीर कापून पाहिले होते, त्यांत जंतू मिळाले नाहीत म्हणून हा प्लेगच नव्हे, असा निष्कर्ष काढण्यात आला होता. त्यांत्सिनच्या वैद्यकीय महाविद्यालयातील फ्रेंच प्राध्यापक जेराल मेस्नी हे वयाने आणि अनुभवाने वडील. गाठीच्या प्लेगची साथ त्यांनी स्वतः हाताळली होती आणि या मोहिमेचे नेतृत्व आपल्याकडे असावे अशी त्यांची अपेक्षा होती. दोघांची भेट कटुतेत संपली. डॉ. वू यांनी आपला राजीनामा तारेने धाडला. दरबाराने तो स्वीकारला नाही. मेस्नी रशियन रुग्णालयात रोगी तपासावयास गेले ते मुखपट्टीवाचून. ११ जानेवारी १९११ रोजी त्यांचा अंत झाला. या घटनेकडे विजय म्हणून पाहणे क्रूरपणाचे होईल. मेस्नी भित्रे नव्हते आणि अज्ञानीही नव्हते. जे ज्ञान काल इतर ठिकाणी खरे ठरले, ते आज येथेही खरे असणार, एवढाच त्यांचा विश्वास होता, आणि अशा विश्वासाला बळी पडणारे ते पहिले नव्हते की शेवटचेही नव्हते. त्याच महिन्यात मुकदेनच्या स्थानकावर मजुरांची तपासणी करणारे तरुण स्कॉटिश डॉक्टर आर्थर जॅक्सन हेही प्लेगला बळी पडले.

मेस्नी यांच्या मृत्यूनंतर कोणी वाद घातला नाही. फुचियातिएनचे चार विभाग पाडण्यात आले आणि एका विभागातून दुसऱ्यात जाण्यास बंदी झाली. रशियन रेल्वेकडून १२० डबे मागून घेऊन त्यांत रोग्यांच्या संगतीत आलेल्यांना ठेवण्यात आले. लष्कर बोलाविले गेले, आगगाड्या थांबल्या. तरीही एक भयंकर गोष्ट उरली होती. जमीन गोठून दगडासारखी झाल्यामुळे दोन हजारांहून अधिक मृतदेह गावाबाहेर, काही पेटीत, काही उघडे, तसेच पडून होते. जो समाज पितरांच्या थडग्यांची पूजा करतो, त्याला त्यांचे दहन करा असे सांगणे म्हणजे काय, हे डॉ. वू जाणून होते. आपल्याला अग्निसंस्कार स्वाभाविक वाटतो. तेथे तो घोर विटंबनेसारखा होता. त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर आग लावली नाही. अधिकाऱ्यांना ते दृश्य प्रत्यक्ष नेऊन दाखविले, सम्राटाच्या दरबाराकडे परवानगी मागितली, आणि ती येईपर्यंत थांबले. ३१ जानेवारी रोजी, चिनी नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी, चिता पेटल्या. त्यानंतर मृत्यूंची संख्या उतरू लागली आणि १ मार्च रोजी फुचियातिएनमधील शेवटच्या रोग्याची नोंद झाली. सबंध मंचूरियात मिळून त्या एका हिवाळ्यात सुमारे ६०,००० माणसे दगावली होती.

साथ संपली म्हणजे काम संपले, असे समजणारा मनुष्य येथे थांबला असता. परंतु अनेक प्रश्न तसेच उभे होते. हा रोग टार्बागानपासूनच आला काय? इतर ठिकाणी गाठींच्या रूपाने येणारा प्लेग येथे फुप्फुसातच का राहिला? कपडे, कातडी, सोयाबीनची पोती यांतून तो पसरतो काय? पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा येईल काय? या शास्त्रीय प्रश्नांमागे एक राजकीय प्रश्नही दडलेला होता. मंचूरिया नावाला चीनचा. पण उत्तरेची रेल्वे रशियाच्या हाती आणि दक्षिणेची जपानच्या हाती होती. चीनला स्वतःच्या प्रजेचे आरोग्य राखता येत नाही असे ठरले असते, तर ते आम्ही राखतो असे म्हणावयास दोन्ही शेजारी सज्ज होते. तेव्हा चीन सरकारने स्वतःच यजमान होऊन जगाला निमंत्रण दिले. परिषद शुद्ध शास्त्रीय राहील, राजकारणाला तीत स्थान नाही, असे ठरले. या ठरावातच मोठे राजकारण होते हे वाचकांच्या लक्षात येईलच.

निमंत्रणांपासून अधिवेशनापर्यंत हाती वेळ थोडा होता. मुकदेनमधील एक जुना प्रासाद या कामासाठी निवडण्यात आला. पाहुण्यांची निवास-भोजनाची व्यवस्था, सभागृह, प्रयोगशाळा, चर्चा टिपून घेणारे लेखनिक, भाषांतरकार, अशी सर्व सिद्धता करावी लागली. प्रशासनाची बाजू स्झे यांनी सांभाळली आणि शास्त्राची बाजू डॉ. वू यांनी. आणि पाहुणे तरी कसे? जपानकडून किटासाटो आले होते. ते कॉख यांचे शिष्य. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येरसँ यांच्या जोडीनेच, पण स्वतंत्रपणे, प्लेगचा जंतू शोधल्याचे श्रेय त्यांना दिले जात होते. रशियाचे झाबोलोत्नी १८९७ साली मुंबईची साथ पाहून गेलेले. इटलीचे गालेओत्ती यांनी लुस्तिग यांच्याबरोबर मुंबईतच प्लेगवरील रक्तलस तयार करून रोग्यांवर वापरली होती. ब्रिटनच्या बाजूने आलेले पेट्री यांनी मुंबईच्या संशोधन आयोगात उंदीर-पिसवांचे काम केले होते. अमेरिकेचे स्ट्राँग, जर्मनीचे मार्टिनी, फ्रान्सचे ब्रोके हेही होते. यांच्या मानाने अध्यक्ष वयाने धाकटे आणि नाव नसलेले. किटासाटोंसारखा श्रेष्ठ शास्त्रज्ञ समोर बसलेला असताना अध्यक्षस्थान यजमान राष्ट्राच्या तरुण डॉक्टराने स्वीकारावे, हा मानापमानाचा प्रश्न होऊ शकला असता. तो झाला नाही, याचे श्रेय पाहुण्यांच्या थोरपणाला जसे आहे तसे अध्यक्षांच्या वागणुकीलाही आहे.

ही वागणूक कशी होती ते सांगणे हाच आमच्या लेखाचा मुख्य हेतू आहे. डॉ. वू यांना परिषदेपुढे आपल्या यशाची कथा सांगता आली असती. निदान बरोबर ठरले होते, साथ आटोक्यात आली होती, विरोधक उरला नव्हता. परंतु उद्‌घाटनाच्या वेळी यजमानांनी पाहुण्यांपुढे ठेवली ती पराक्रमांची यादी नव्हती; प्रश्नांची यादी होती. आपण केलेले उपाय योग्य होते काय, हा प्रश्नही तीत अध्याहृत होताच. दिवसामागून दिवस बैठका होत राहिल्या. प्रत्येक शहराच्या साथीचा वृत्तांत आकड्यांसह मांडला गेला. स्ट्राँग आणि त्यांचे सहकारी टीग यांनी मुकदेनमध्ये रोग्यांपुढे जंतू वाढविण्याच्या काचपेट्या धरून प्रयोग केले होते. नुसत्या शांत श्वासोच्छ्‌वासाने त्यांवर जंतू सहसा उतरत नाहीत, खोकल्याबरोबर मात्र उतरतात, असे त्यांना दिसून आले होते. डिसेंबरमध्ये एका अंधाऱ्या खोलीत एका माणसाने केलेले अनुमान एप्रिलमध्ये दुसऱ्यांच्या स्वतंत्र प्रयोगांनी असे उजळून निघाले. पूर्वी जे एका डॉक्टरचे मत होते, ते आता शास्त्र झाले.

जेथे पुरावा अपुरा होता तेथे परिषदेने आग्रह धरला नाही. या साथीत उंदरांचा संबंध आढळला नाही, हे तिने मान्य केले. मूळ टार्बागानमध्ये असावे असे दिसत होते. परंतु रोगग्रस्त टार्बागान तोवर कोणाच्या हाती आला नव्हता, म्हणून तो प्रश्न पुढील शोधावर सोपविण्यात आला. परिषद आटोपल्यावर, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, झाबोलोत्नी यांचे रशियन पथक व डॉ. वू यांनी त्या गवताळ प्रदेशात जाऊन शोध घेतला आणि तेथे प्लेगने आजारी टार्बागान सापडला. लशीविषयीही अशीच सावधगिरी ठेवण्यात आली. गाठीच्या प्लेगमध्ये तिचा उपयोग मुंबईने पाहिला होता. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये तो होतो असे म्हणण्याइतके आकडे नव्हते. ज्यांनी आयुष्याची वर्षे लस आणि रक्तलस यांच्यासाठी घालविली होती असे विद्वान त्या सभेत बसले होते. त्यांच्या देखत असे नोंदविणे सोपे नव्हते. सभेचे मोठेपण टाळ्यांवर ठरत नाही. आपल्याला काय समजलेले नाही हे ती सर्वांदेखत लिहून ठेवते की नाही, यावर ते ठरते, असे आम्हांला वाटते.

२८ एप्रिल रोजी परिषदेची सांगता झाली. स्थायी स्वरूपाचे प्लेग-प्रतिबंधक खाते असावे, ही तिची महत्त्वाची शिफारस होती. सहा महिन्यांतच चीनमध्ये क्रांतीचा वणवा पेटला आणि १९१२ च्या फेब्रुवारीत, ज्या राजघराण्याच्या नावाने निमंत्रणे गेली होती, ते घराणेच सिंहासनावरून उतरले. सभेचे यजमान इतिहासजमा झाले, पण सभेचे काम बुडाले नाही. त्याच १९१२ साली हार्बिनला उत्तर मंचूरियाचे प्लेग-प्रतिबंधक खाते सुरू झाले, डॉ. वू त्याचे प्रमुख झाले आणि जकातीच्या उत्पन्नातून त्याचा खर्च भागविण्याची तजवीज झाली. त्याच वर्षी मनिला येथे परिषदेचा जाडजूड अहवाल छापून निघाला. १९२०-२१ च्या हिवाळ्यात फुप्फुसाचा प्लेग खरोखरच परत आला. या वेळी रुग्णालये होती, शिकलेली माणसे होती, मुखपट्ट्या होत्या. सुमारे ९,३०० माणसे मृत्युमुखी पडली. हा आकडाही हृदयद्रावकच आहे. परंतु दहा वर्षांपूर्वीच्या ६०,००० शी तो ताडून पाहिला म्हणजे एका सभेने किती घरांतले दिवे विझू दिले नाहीत याची कल्पना येते.

पुढील आयुष्याचा वृत्तांत आम्ही थोडक्यात देतो. १९१५ साली चिनी डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना स्थापण्यात त्यांचा पुढाकार होता. १९१८ साली पेकिंगमध्ये आधुनिक मध्यवर्ती रुग्णालय त्यांच्या प्रयत्नाने उभे राहिले. १९२६ साली राष्ट्रसंघाने त्यांचा फुप्फुसाच्या प्लेगवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १९३० पासून बंदरांवरील आरोग्य-तपासणीचे राष्ट्रीय खाते त्यांच्याकडे आले आणि तोवर परकीयांच्या हाती असलेले हे काम चीनच्या स्वतःच्या हाती येऊ लागले. १९३५ साली नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले होते, हे पुढे नोबेल समितीच्या दप्तरातून उघड झाले. पारितोषिक मात्र मिळाले नाही. १९३१ साली मंचूरिया जपानच्या ताब्यात गेला तेव्हा हेरगिरीच्या संशयावरून त्यांना काही काळ अटकेत राहावे लागले, आणि वीस वर्षे वाढविलेले हार्बिनचे काम सोडून यावे लागले. १९३७ च्या युद्धात शांघायमधील घरही गेले. पत्नीचे निधन त्याच वर्षी झाले. साठीकडे झुकलेला हा मनुष्य ज्या मलायातून निघाला होता त्या मलायात परत आला आणि इपोह गावी एखाद्या सामान्य डॉक्टरासारखा दवाखाना चालवू लागला.

२१ जानेवारी १९६० रोजी पेनांग येथे ८० व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्याआधी जेमतेम वर्षभर त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. त्यांनी झुंज दिलेला जंतू मात्र जगातून गेलेला नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यात गाठीच्या आणि सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगच्या बातमीने देश हादरला. सुरतेतील कित्येक मराठी कुटुंबांनी ते दिवस प्रत्यक्ष अनुभवले आहेत. सुदैवाने तोवर त्यावर गुणकारी औषधे उपलब्ध झालेली होती. २०२० साली एका वेगळ्याच रोगासाठी साऱ्या जगाने नाकातोंडावर पट्टी बांधली, तेव्हा हार्बिनच्या त्या हिवाळ्याची आठवण अनेकांनी काढली. हार्बिनची आठवण निघते, मुकदेनची सहसा निघत नाही. साथीशी झुंजणारा वीर लोकांच्या ध्यानात राहतो. साथ ओसरल्यावर पत्रे पाठविणारा, खोल्या लावणारा, मतभेद असणाऱ्यांना एका मेजाभोवती बसविणारा आणि इतिवृत्त छापून आणणारा कार्यकर्ता विस्मरणात जातो. वू लिएन-तेह यांच्या ठायी हे दोघेही एकत्र होते.

इपोहमधील उतारवयात त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले होते, त्याचा उल्लेख केल्यावाचून आम्हांला लेख पुरा करवत नाही. त्या गावात सर्वांसाठी खुले असे चांगले ग्रंथालय नव्हते. राजदरबारांत वावरलेला, राष्ट्रसंघाने मानलेला हा वृद्ध डॉक्टर त्यासाठी लोकांकडे वर्गणी मागत हिंडला, आणि ग्रंथालय उभे राहिले. आमच्या मंडळाच्या वाचनालयासाठी ज्यांनी ज्यांनी पावतीपुस्तक हाती घेऊन दारे ठोठावली, त्यांना हे चरित्र आम्ही आदरपूर्वक सादर करीत आहोत.